मागच्या खिडकीतली जागा

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल बारा वर्षांचे झाले की शाळेबाहेरच्या उद्योगांची यादी सुरू होते. पोहणे, बुद्धिबळ, रोबोटिक्स, तबला. या यादीत कधी कधी एक वेगळेच नाव डोकावते, सिव्हिल एअर पेट्रोल. गणवेश आहे, हुद्दा आहे, विमानात बसायला मिळते आणि वार्षिक वर्गणी एखाद्या शिकवणीच्या महिन्याभराच्या खर्चात भागते. दुसरीकडे, चाळिशीत हौसेने खासगी वैमानिकाचा परवाना काढलेला एखादा संगणक अभियंताही याच संघटनेची चौकशी करू लागतो, कारण भाड्याच्या विमानाचा तासाचा दर आता झेपेनासा झालेला असतो. दोघांचीही नजर विमानावर असते, आणि पुढे अनेकांच्या वाट्याला येणारी निराशा तिथूनच सुरू होते. ही संघटना मुळात पाहण्यासाठी काढलेली आहे, उडणे हे त्या पाहण्याचे साधन. कमी उंचीवरून, सावकाश, तासन् तास जमीन न्याहाळायची आणि जे दिसले ते जसेच्या तसे कळवायचे, हा तिचा जुना धंदा. हे ध्यानात घेतले की तिचे फायदे आणि तिच्याविषयीच्या तक्रारी एकाच खोडाला फुटलेल्या फांद्या वाटू लागतात. सभासद व्हावे की नाही या प्रश्नाचे उत्तरही मग ‘किती उडायला मिळेल’ या हिशेबातून काढता येत नाही.

संघटनेचा जन्म १ डिसेंबर १९४१ चा, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या जेमतेम आठवडाभर आधीचा. युद्ध आलेच तर खासगी विमाने जमिनीवर डांबून ठेवली जातील, त्यापेक्षा ती देशाच्या कामी लावावीत, ही विमानविषयक लेखक गिल रॉब विल्सन यांची कल्पना. तिला सरकारी शिक्का दिला तो न्यू यॉर्कचे महापौर आणि तेव्हाचे नागरी संरक्षण खात्याचे संचालक फिओरेलो ला गार्डिया यांनी. १९४२ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ तेलवाहू जहाजे बुडवत होत्या आणि लष्कराकडे किनाऱ्यावर गस्त घालायला पुरेशी विमाने नव्हती. तेव्हा एका इंजिनाची, अनेकदा स्वतःच्या मालकीची विमाने घेऊन नागरिक समुद्रावर गेले. साधारण दीड वर्षात त्यांनी २ कोटी ४० लाख मैलांहून अधिक गस्त घातली, १७३ पाणबुड्या दिसल्याचे कळवले, संकटातली ९१ जहाजे आणि पाण्यात तरंगणारी ३६३ माणसे हुडकून दिली. पुढे या विमानांना बॉम्बही लावले गेले आणि दोन पाणबुड्या बुडवल्याचा दावा झाला. मात्र जर्मन नोंदींशी ताडून पाहिल्यावर हा दावा टिकत नाही, असे इतिहासकारांना आढळले. संघटनेच्या भक्तांना ही गोष्ट बोचते, पण बोचायचे कारण नाही. विमान दिसताच पाणबुडी पाण्याखाली जाते आणि पाण्याखालची पाणबुडी मंद असते, अर्धी आंधळी असते. तिला जहाजांचा पाठलाग जमत नाही. चिमुकल्या विमानाने बॉम्ब टाकण्यापेक्षा नुसते वर घिरट्या घालण्याने आणि बिनतारी संदेश पाठवण्याने जास्त काम झाले. दंतकथा बॉम्बभोवती रचली गेली, कारण नजर ठेवण्याच्या गोष्टी कोणी रंगवून सांगत नाही.

युद्धानंतर १९४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीने तिला कायदेशीर ना-नफा संस्थेचे रूप मिळाले आणि १९४८ मध्ये ती अमेरिकी हवाई दलाची अधिकृत साहाय्यक संघटना झाली. आज तिचे मुख्यालय अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर आहे, सभासद साठ हजारांच्या घरात आहेत आणि ताफ्यात साडेपाचशेच्या आसपास विमाने आहेत, बहुतेक सगळी सेस्ना जातीची. कामाचे तीन भाग आहेत : आपत्कालीन सेवा, किशोरांचे कॅडेट प्रशिक्षण आणि विमानविद्येचा प्रसार. सभासदांतले बहुसंख्य वैमानिक नाहीत, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते आणि आतल्या वैमानिकांना कधी कधी विसरायला होते.

शोधमोहिमेवर निघालेल्या विमानात साधारण तिघे असतात. पुढे डावीकडे वैमानिक, त्याच्या शेजारी दिशा, नकाशा, रेडिओ आणि एकूण मोहिमेचा तोल सांभाळणारा निरीक्षक आणि मागच्या खिडकीशी केवळ खाली बघत बसणारा स्कॅनर. ज्याचे हात सुकाणूवर आहेत त्याचे लक्ष वेग, उंची आणि समोरच्या डोंगरावर हवे, त्याने जमिनीवर काय चकाकते आहे ते पाहायचे नसते. म्हणजे मोहिमेचे खरे काम उडवणाऱ्याकडे नाहीच. जमिनीपासून सुमारे हजार फुटांवर, ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर वेगाने, आखून दिलेल्या चौकटीत विमान नांगरटीसारखे इकडून तिकडे जात राहते. मागचा माणूस डोळे ठरावीक टप्प्यांनी सरकवत झाडी, दगड, पाणी, सावल्या चाळत राहतो. पोटात ढवळते, मान आखडते, आणि नव्याण्णव वेळा काहीही दिसत नाही. ‘इथे काही नाही’ हे विश्वासाने सांगता येणे हेच त्या उड्डाणाचे फळ, कारण त्याच्या जोरावर उद्याचे पथक दुसऱ्या दरीत पाठवले जाते. आणि एखादा ‘काही नाही’ जर आळसाने उच्चारलेला असेल, तर हरवलेला माणूस नेमक्या त्याच चौकटीत मरतो.

वैमानिकांच्या बहुतेक तक्रारींचे उत्तर इथे आहे. ते म्हणतात, खासगी परवाना खिशात असूनही लगेच विमान हाती येत नाही. संघटनेच्या परीक्षकासमोर उड्डाणाची चाचणी द्यावी लागते, ती दर वर्षी पुन्हा द्यावी लागते, शोधमोहिमेच्या पात्रतेसाठी अनुभवाचे तास वेगळे, प्रशिक्षण वेगळे, प्रत्येक उड्डाणाआधी कुणा जबाबदार माणसाने दिलेली परवानगी वेगळी, आणि उतरल्यावर अर्ज, पावत्या, संगणकातल्या नोंदी. एक तास उडायचे तर दोन तास खाली खुर्चीत बसायचे. तक्रार खरी आहे. शिवाय सरावाची बरीचशी उड्डाणे सभासदाला स्वतःच्या खिशातून करावी लागतात. दर बाजारभावापेक्षा कमी असला तरी फुकट नसतो. शून्यापासून विमान शिकायची इच्छा असलेल्या प्रौढाला तर इथे जवळपास वाव नाही, ते या संस्थेचे कामच नव्हे. पण हा सारा जाच पोटासाठी उडणाऱ्याला चुकत नाही, तर मग आठवड्यातून एकदा उडणाऱ्या हौशी माणसाला तो का चुकावा? उलट त्यालाच तो जास्त हवा. पगारी वैमानिकाचा हात रोजच्या सरावाने साफ राहतो. स्वयंसेवकाचा हात नियमांनी सांभाळावा लागतो. ज्याला केवळ स्वस्तात उडायचे आहे त्याने चार मित्र जमवून एखादे जुने विमान भागीदारीत घ्यावे. कटकट कमी होईल आणि कुणाचा भ्रमनिरासही होणार नाही.

याहून जड आक्षेप असा, की हवेतून शोधण्याचे काम आता उरले आहे तरी किती? आक्षेप घेणाऱ्यांच्या हातात पुरावा आहे. विमान आपटले की आपोआप संदेश सोडणारी जुनी यंत्रे १२१.५ मेगाहर्ट्झवर चालत. त्यांतले बहुतांश इशारे खोटे असत. कुणाचे विमान जरा आदळून उतरले की यंत्र सुरू होई, आणि मग मध्यरात्री उठून संघटनेचे लोक एखाद्या निजलेल्या विमानतळावर हँगरमागून हँगर पालथे घालत. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी या जुन्या लहरींवर कान ठेवणे बंद केले. नवी ४०६ मेगाहर्ट्झची यंत्रे विमानाची ओळखच सांगतात. मालकाला एक फोन केला की निम्मे प्रश्न मिटतात. त्यात प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. आज संघटनेच्या खात्यावर जे वाचलेले जीव जमा होतात, त्यांतल्या मोठ्या वाट्याचे श्रेय घरबसल्या मोबाइल मनोऱ्यांच्या नोंदी उकलणाऱ्या मूठभर तज्ज्ञ सभासदांकडे जाते. ज्यांनी साडेपाचशे विमाने सांभाळायची त्यांना हे ऐकून काय वाटत असेल ते असो, पण आकडा त्याच बाजूने बोलतो. (वाचलेला जीव कुणाच्या खात्यावर मांडायचा, हाही एक वादच आहे. नकाशावर टिंब काढणारा एक आणि बर्फातून स्ट्रेचर ओढणारे दहा.)

स्टीव्ह फॉसेट यांचा शोध या मर्यादेचा सर्वांत ठळक दाखला आहे. फुग्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा जगप्रसिद्ध उड्डाणवीर ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातल्या एका खासगी धावपट्टीवरून छोट्या विमानाने निघाला आणि परतला नाही. सिव्हिल एअर पेट्रोलची विमाने, लष्कराची हेलिकॉप्टरे, खासगी वैमानिक असे सगळे महिनाभर धुंडाळत होते. हजारो लोक घरी बसून उपग्रहांची छायाचित्रे तपासत होते. हाती काही लागले नाही. वर्षभराने, सप्टेंबर २००८ च्या अखेरीस, कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्सजवळच्या डोंगरात एका पायी भटकणाऱ्या माणसाला त्यांची ओळखपत्रे सापडली आणि त्यानंतर अवशेष. एवढा पैसा, एवढी यंत्रसामग्री आणि उत्तर मिळाले ते एका पदयात्रीच्या नजरेला. यावरून काही जण म्हणतात की हवाई शोधाचे दिवस संपले. मला त्यातून वेगळेच दिसते. त्या शोधात जुन्या, विसरल्या गेलेल्या कितीतरी अपघातांचे अवशेष सापडले, म्हणजे पाहणारे डोळे झोपले नव्हते. कुठे पाहायचे हेच ठाऊक नव्हते, कारण वैमानिकाने मार्ग कळवला नव्हता. ती उणीव आज मोबाइलच्या नोंदी आणि रडारचे विश्लेषण बऱ्याच अंशी भरून काढतात. टेबलावरचे तज्ज्ञ टापू आखून देतात, विमान त्या टापूत जाते. म्हणजे पाहण्याचे काम दोघांत वाटले गेले आहे आणि विमानाच्या वाट्याचा तुकडा लहान झाला आहे, हे मान्य करायलाच हवे. नव्या सभासदाने ‘मी दर महिन्याला कुणाला तरी वाचवीन’ अशी स्वप्ने पाहू नयेत. वर्षानुवर्षे सराव करून एकही खरी सुटका नावावर नसलेले सभासद या संघटनेत आहेत आणि त्यांची सेवा वाया गेली असे म्हणणे अग्निशमन दलाला न लागलेल्या आगीचा जाब विचारण्यासारखे आहे.

शिवाय नजरेला दुसरी कामे मिळाली आहेत. ११ सप्टेंबर २००१ नंतर सारे नागरी आकाश बंद असताना, दुसऱ्याच दिवशी न्यू यॉर्कच्या ढिगाऱ्यावरून छायाचित्रे घेत गेले ते या संघटनेचे छोटे सेस्ना विमान. कॅटरिना, सँडी, हार्वे, मारिया या प्रत्येक चक्रीवादळानंतर बुडालेली वस्ती, तुटलेले पूल आणि उडालेली छपरे यांची छायाचित्रे काढून मदतयंत्रणेला देण्याचे काम तिने केले. हे काम ड्रोन करतील, असे कुणी म्हणेल. छोट्या टापूत करतीलही, करत आहेतच, आणि संघटनेकडे आता स्वतःचे ड्रोन आहेत. पण शेकडो मैलांचा किनारा एका दुपारी पाहून यायचा असेल तर साध्या सेस्नाइतके स्वस्त साधन अजून तरी फारसे नाही. लष्करी हेलिकॉप्टरचा एका तासाचा खर्च त्याच्या कितीतरी पट. स्वयंसेवकांचे श्रम फुकट मिळतात म्हणून सरकारला ते परवडते, ही बाब मात्र दोन्ही अंगांनी तपासावी. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत राहत नाही. रजा खर्चून आलेल्या माणसाला तळावर तीन तास ताटकळत ठेवून शेवटी ‘आज गरज नाही’ असे सांगताना कुणाला जड जात नाही, आणि जायला हवे.

धोक्याबद्दल माहितीपत्रके हळू आवाजात बोलतात, म्हणून इथे जरा स्पष्ट बोलावे. नोव्हेंबर २००७ मध्ये लास व्हेगसजवळच्या पोटोसी डोंगरावर संघटनेचे एक आधुनिक, उत्तम उपकरणांचे सेस्ना विमान काळोख्या रात्री आदळले. आत दोघे होते, दोघेही दीर्घ अनुभवाचे वैमानिक, दोघेही गेले. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस कोलोरॅडोच्या डोंगरात छायाचित्रणाच्या सरावाला गेलेले विमान पडून दोघे मरण पावले आणि तिसरा गंभीर जखमी झाला. पहिल्या अपघातातले ते दोघे नवखे नव्हते, दुसऱ्यातले उड्डाण खऱ्या आपत्तीसाठी नव्हते. डोंगरात सावकाश आणि कमी उंचीवरून उडणे हेच मुळात धोक्याचे आहे, आणि पाहायचे असेल तर सावकाश आणि कमी उंचीवरूनच उडावे लागते. हा धोका नियमांनी कमी होतो, शून्य होत नाही. त्यातच एक कायदेशीर खाचखळगा आहे. हवाई दलाने नेमून दिलेल्या मोहिमेवर इजा झाली तर सभासदाला केंद्र सरकारच्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचे छत्र मिळते. संघटनेच्या स्वतःच्या उपक्रमात ते मिळत नाही. विमान तेच, माणसे तीच, पण कागदावरचा एक शब्द बदलला की विधवेच्या हाती येणारी रक्कम बदलते. घरकर्जाचे हप्ते चालू असलेल्या माणसाने फॉर्म भरण्याआधी आपल्या आयुर्विम्यात हौशी उड्डाणाबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. पायलट मंडळी हवामानाचा अहवाल चार वेळा वाचतात, विम्याची पॉलिसी एकदाही वाचत नाहीत.

कॅडेट विभागाकडे वळले की पारडे बदलते, आणि माझ्या मते संघटनेची आजची सर्वांत मोठी कमाई तिथे आहे. बाराव्या वर्षी प्रवेश मिळतो, एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येते. आठवड्यातून एक संध्याकाळ सभा, महिन्यातून एखादा शनिवार, उन्हाळ्यात आठवड्याभराचे शिबिर. प्रत्येक कॅडेटला इंजिनाच्या विमानातून पाच आणि ग्लायडरमधून पाच परिचय-उड्डाणे विनामूल्य मिळू शकतात आणि त्यांत त्याला पुढच्या जागी बसवून, परवानाधारक वैमानिकाच्या देखरेखीखाली, सुकाणू हाती दिले जाते. निवडक कॅडेटना पुढे खासगी परवान्याच्या खर्चासाठीही मदत होते. पण उड्डाणे हा गूळ आहे. खरे घडते ते सभेत. तेरा वर्षांच्या मुलाने दहा जणांच्या तुकडीला उभे करायचे, त्यांच्या चुका सांगायच्या आणि तरी त्यांनी पुढच्या आठवड्यात यावे असे वागायचे. एक-एक पायरी परीक्षा देऊन चढायची, वर बिली मिचेल, अमेलिया इअरहार्ट, आयरा ईकर, कार्ल स्पाट्झ यांच्या नावांचे टप्पे. शेवटच्या टप्प्यापर्यंत फार थोडे पोचतात. कॉलेजच्या अर्जावर एक ओळ मिळावी म्हणून आईवडिलांनी ढकललेले मूल पहिल्या दोन वर्षांतच गळते, आणि गळू द्यावे.

इथे आक्षेप येतो तो लहान मुलांना लष्करी वळण लावण्याचा. गणवेश, सलाम, कवायत. वर मिचेल टप्पा पार केलेल्याने हवाई दलात जवान म्हणून भरती व्हायचे ठरवले तर सुरुवातीलाच वरचा हुद्दा. ही भरतीची पाळणाघरे नव्हेत काय? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हवाई दल पैसा देते तो निव्वळ धर्मादाय म्हणून देत नाही. अमली पदार्थविरोधी मोहिमांत ही विमाने टेहळणीसाठी वापरली जातात, हवाई दलाच्या सरावात त्यांनी शत्रूच्या किंवा मानवरहित विमानाची भूमिका केलेली आहे, म्हणजे हे निव्वळ मदतकार्य नव्हे. ज्या कुटुंबाला हे तत्त्वतः अमान्य आहे त्याने लांब राहावे, त्यात काही गैर नाही. पण दोन गोष्टी नोंदवाव्यात. कॅडेटवर भरतीचे बंधन नसते. आणि कवायत शिकवणारी प्रत्येक संस्था रणगाड्याकडे नेत नाही, हे एनसीसीतून बाहेर पडून बँकेत, शाळेत, रुग्णालयात आयुष्य काढलेल्या लाखो भारतीयांना सांगायला नको. एनसीसीची हवाई शाखा १९५० मध्ये मुंबई आणि कोलकात्यात सुरू झाली. आजही तिचे कॅडेट मायक्रोलाइट विमानांतून आकाश पाहून येतात. फरक चालकांचा आहे. एनसीसीची सूत्रे सेनादलांच्या अधिकाऱ्यांकडे असतात आणि ती शाळा-कॉलेजाला जोडलेली आहे. सिव्हिल एअर पेट्रोलची तुकडी चालवतो तो गावातलाच दंतवैद्य, शिक्षिका, ट्रकचालक.

आणि तिथेच तिची सर्वांत केविलवाणी बाजूही आहे. पगार नाही, मग माणसे हुद्द्यांवर भांडतात. कॅप्टन, मेजर, कर्नल ही पदे संघटनेपुरतीच आहेत. खऱ्या लष्करात त्यांना आज्ञेचा अधिकार नाही. तरीही खांद्यावरच्या पट्टीने डोके फिरलेले चार लोक प्रत्येक राज्यात भेटतील. हवाई दलासारखा गणवेश घालायचा तर वजन आणि दाढीकेसांचे निकष पाळावे लागतात; न बसणाऱ्यांसाठी पांढरा शर्ट आणि राखाडी पँट असा संघटनेचा वेगळा वेश आहे. कुठल्या सभेत किती पांढरे शर्ट आहेत यावरून तिथल्या सभासदांचे सरासरी वय ताडता येते. गणेशोत्सव मंडळ किंवा गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवे काही नाही. तुकडीगणिक अनुभव इतका बदलतो की एका गावात कंटाळून सोडलेला माणूस शेजारच्या गावात दहा वर्षे टिकतो. संघटनेबद्दलची परस्परविरोधी मते ऐकून गोंधळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मते देणारे बहुधा संघटनेबद्दल बोलत नसतात, आपल्या तुकडीच्या प्रमुखाबद्दल बोलत असतात.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक साधा अडसर आहे. सभासदत्व सर्वसाधारणपणे नागरिकांना आणि कायम निवासाचा परवाना असलेल्यांना मिळते. एच-१बी व्हिसावर आलेल्या पालकांच्या भारतात जन्मलेल्या मुलाला, ग्रीन कार्डची रांग सरकेपर्यंत, हे दार सहसा बंद. ती रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे की मूल एकवीस वर्षांचे होऊन रांगेतूनच बाहेर पडू शकते. धाकटे भावंड अमेरिकेत जन्मलेले, म्हणून ते कॅडेट, आणि थोरले दाराबाहेर, असे दृश्य एकाच घरात दिसू शकते. या विषमतेचा दोष संघटनेचा नाही, पण घरात विषय काढण्याआधी पालकांनी पात्रता तपासावी. मुलाची समजूत काढणे अर्ज भरण्यापेक्षा अवघड जाते.

महाराष्ट्रात असे काही उभे करावे का, हा प्रश्न ओघाने येतो. नक्कल करण्यात अर्थ नाही. अमेरिकेत खासगी विमाने आणि परवानाधारक हौशी वैमानिक लाखांनी आहेत, म्हणून ही संघटना उभी राहिली. आपल्याकडे जुहूवर १९२८ मध्ये फ्लाइंग क्लब निघाला तरी हौशी उड्डाण मूठभरांपलीकडे गेले नाही. आणि आपल्या आपत्ती पावसात येतात. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा हेलिकॉप्टरे तयार असून हवामानामुळे उपयोगी पडली नाहीत. अंधारात, चिखलात डोंगर चढून गेली ती माणसेच. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांसारखी पथके हेच काम पायांनी करतात. अमेरिकेकडून घ्यायचेच तर विमान घेऊ नये, तो नुकसानभरपाईचा कायदा घ्यावा : स्वयंसेवक सरकारच्या सांगण्यावरून दरीत उतरला तर त्याच्या हातापायांची जबाबदारी कुणाची, हे आधीच लिहून ठेवणारा.

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या कुणाला सभासद व्हायचे आहे त्याने घाई करू नये. तुकडीच्या साप्ताहिक सभेला पाहुणा म्हणून जाता येते. निदान तीनदा जावे. एकदा कवायत पाहावी, एकदा वर्ग, आणि एकदा नुसते सभा संपल्यावर खुर्च्या कोण उचलते ते पाहावे. मग प्रमुखाला विचारावे, की गेल्या वर्षी या तुकडीचे विमान खऱ्या कामासाठी कितीदा निघाले, आणि त्या प्रत्येक वेळी मागच्या खिडकीशी कोण बसले होते. पहिल्या प्रश्नाचा आकडा लहान असला तरी चालेल. दुसऱ्या प्रश्नाला नावे झरझर आली, तर फॉर्म मागून घ्यावा.